खेळांतले गुण

मराठींत ‘गुण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. परीक्षेंत मिळतात तेहि गुण, आणि माणसाच्या अंगीं असावे लागतात तेहि गुणच. ३५ वर्षें आम्हीं पहिल्या प्रकारचे गुण वाटले. दुसऱ्या प्रकारचे त्या आंकड्यांत कितपत उतरले, हा प्रश्न प्रत्येक निकालाच्या दिवशीं मनांत येई. तोच प्रश्न हल्लीं आम्हांस नातवंडांच्या संगणकावर पुन्हां भेटला आहे.

व्हिडिओ गेम मुलांस खेळूं द्यावे कीं नाहीं, हा वाद सध्यां घरोघरीं चालतो. आमच्या वहिनींच्या मतें सर्व खेळ सारखेच वाईट. थोरल्या नातवाच्या मतें सर्व सारखेच चांगले. आम्हीं नातवाशेजारीं बसून कांहीं खेळ पाहिले, दोन-तीन स्वतः खेळलों, आणि आमचें मत असें झालें कीं, कादंबऱ्यांप्रमाणें यांतहि निवड करणें प्राप्त आहे. त्या निवडीस एक कसोटी बहुतेक पुरते : हा खेळ कोणत्या कृत्याबद्दल गुण देतो?

‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिकेचे खेळ. खेळणारानें एका पात्राची भूमिका घेऊन त्याच्या कथेंत वावरावयाचें. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाचा खेळ काढला, तो या कुळाचा मूळपुरुष. पुढें १९८६ सालीं निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नें जपानी मुलांस या प्रकाराचें वेड लावलें. यांत राक्षस मारला कीं ‘अनुभवा’चे गुण मिळतात व ते सांठले कीं पात्र वरच्या पायरीवर चढतें. अनुभव म्हणजे मारलेल्यांची गणती! ‘अनुभू’चा हा अर्थ पाणिनीच्या स्वप्नांतहि आला नसता.

या रिवाजास पहिला मोठा छेद दिला तो रिचर्ड गॅरिअट यांच्या ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ या १९८५ सालच्या खेळानें. यांत शेवटीं मारावयास कोणी दुष्ट राजा नाहीं. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगीं आणून ‘अवतार’ व्हावयाचें, हेंच ध्येय. (‘अव’ म्हणजे खालीं, आपला अवतार वरून खालीं उतरतो, त्यांचा मनुष्य खालून वर चढतो. व्युत्पत्ति उलटी झाली खरी, पण कल्पना वाईट नाहीं.) एक आंधळी बाई वनस्पती विकते. मोल किती ठेवलें तें गिऱ्हाइकानेंच सांगावयाचें. कमी ठेवलें तरी ती माल देते, शब्दानें बोलत नाहीं. पुढें राजवाड्यांतील द्रष्ट्यास विचारलें असतां कळतें कीं, सचोटींत आपण घसरलों. हा प्रसंग आम्हांस फार आवडला. परंतु भिकाऱ्यास एकच नाणें दिलें तरी करुणेच्या खात्यांत भर पडते, हें नातवानें दोन दिवसांत ओळखलें, आणि स्वारी एकेक नाणें टाकीत करुणामूर्ति होऊं लागली! आम्ही त्यास दोष देत नाहीं. करुणेस जेथें गुण आहेत तेथें ते स्वस्तांत पाडण्याची युक्ति निघणारच. गाइडें घोकून पहिल्या वर्गांत येणारे विद्यार्थी आम्हीं कांहीं थोडे पाहिले नाहींत.

‘इंडी’ म्हणजे मोठ्या कंपनीच्या भांडवलावांचून एकट्यादुकट्यानें रचलेले खेळ. त्यांत २०१५ सालचा ‘अंडरटेल’ आम्ही फार वरचा मानतों. कथा, संगीत व बहुतेक सारी रचना टोबी फॉक्स या एका तरुणाची. एक मूल राक्षसांच्या भूमिगत राज्यांत पडतें. तेथें टोरिएल नांवाची प्रेमळ राक्षसी त्यास पोटच्या पोराप्रमाणें संभाळते, आणि तें बाहेर निघालें कीं मायेपोटीं वाट अडवून उभी राहते. जुन्या संवयीनें पुष्कळजण तिला मारतात, हळहळतात, आणि राखून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हां मांडून तिला वांचवितात. पाटी पुसली म्हणून ते निश्चिंत होतात, तोंच एक फूल त्यांस छद्मीपणें सुनावतें कीं, तूं काय केलेंस तें मला ठाऊक आहे. अखेरीस हेंहि उघड होतें कीं, ज्यास आपण अनुभवाचे गुण समजत होतों ते हत्येचे गुण होते. (रहस्य फोडलें म्हणून तरुण वाचक रागावतील, रागावोत.) कोणासहि न मारतां हा खेळ पुरा करितां येतो, पण तेव्हां त्या खात्यांत शेवटपर्यंत शून्यच असतें. शून्य गुणांनीं उत्तम उत्तीर्ण होणारा विद्यार्थी आम्हीं येथेंच पाहिला.

‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) एरिक बॅरोन यांनीं सुमारें साडेचार वर्षें खपून एकट्यानें केला. आजोबांची शेती नातवाकडे येते आणि तिसऱ्या वर्षाच्या आरंभीं आजोबांचा आत्मा परीक्षेस येऊन चारपर्यंत मेणबत्त्या लावितो. हें पात्र आम्हांस आवडावें यांत नवल नाहीं. बाकी खेळ गोड, पण हिशेबी. शेजाऱ्यास आठवड्यास दोन भेटी दिल्या कीं स्नेहाचीं हृदयें भरत जातात. आणि पाऊस नाहीं म्हणून तेथें विहिरी आटत नाहींत, सावकार दारीं बसत नाहीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं लहानपणीं पाहिला त्यांस ही शेती चित्रांतली वाटेल.

‘डिस्को एलिझियम’ (२०१९) एस्टोनियांतील मंडळींचा. यांत तर्क, सहानुभूति, अधिकारवृत्ति असे २४ मनोधर्म नायकाशीं बोलतात, भांडतात. कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदया’तील विवेक व महामोह आठवल्यावांचून राहत नाहींत. नायक मद्यपी असल्यामुळें मुलांच्या हातीं मात्र देऊं नये.

ज्यांच्या घरीं कोणी जन्मभर कचेरींत राबला असेल त्यांनीं लूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) अवश्य पहावा. एका काल्पनिक कडक राज्याच्या सरहद्दीवर कागद तपासून शिक्के मारावयाचे. जितकीं माणसें तपासलीं तितकी मजुरी. रोज दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळीं भाडें, अन्न आणि शेगडी यांची तोंडमिळवणी; घरीं बायको, मुलगा, सासू आणि काका. एके दिवशीं एक गृहस्थ येतो, त्याचे कागद बिनचूक. तो विनवितो कीं, मागून माझी बायको येत आहे, तिच्यावर दया करा. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाहीं.

आमचे धाकटे बंधु सरकारी नोकरींतून सेवानिवृत्त. हा खेळ त्यांनीं हातीं घेतला होता. ती बाई खिडकीशीं आली तेव्हां त्यांनीं नातवास इतकेंच विचारलें, “आजच्या चुका किती झाल्या रे?”

“दोन, आजोबा.”

बंधूंनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां लाविला, आणि प्रवेशाचा शिक्का मारला. त्या रात्रीं खेळांतल्या घरीं शेगडी पेटली नाहीं.