डोंगर बोडका नसतो हो!

मंडळी, पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे वृक्षारोपणाची हुक्की येते. खड्डे, रोपे, भाषणे, फोटो! २०१६ साली राज्याचे उद्दिष्ट २ कोटी रोपांचे होते, २०१९ साली ते ३३ कोटींवर गेले. उत्साहाला माझी ना नाही. माझा राग आहे तो 'बोडका डोंगर' या शब्दावर.

डोंगर आपल्या कामात असतो. उघड्या कातळावर आधी दगडफूल येते, मग शेवाळ. त्यांच्या आधाराने चिमूटभर माती साठते, तीत गवत रुजते. गवताने माती धरून ठेवली की करवंदासारखी काटेरी झुडपे येतात. बुलबुल करवंदे खायला येतो आणि दुसऱ्या झाडांच्या बिया तिथे टाकून जातो. काट्यांत शेळीचे तोंड पोचत नाही, म्हणून त्याच जाळीतून एखादे झाड डोके वर काढते. पुढे त्याच्या सावलीत आणखी झाडे. याला अनुक्रमण म्हणतात. आपण ते चार गुणांसाठी पाठ केले आणि पेपर देऊन विसरलो.

आता आपण काय करतो? करवंदाची जाळी साफ करतो आणि मूळच्या मध्य अमेरिकेतल्या गिरिपुष्पाच्या रांगा लावतो. कित्येक वर्षांचे काम एका सकाळी पुसायचे, आणि वर टाळ्या!

"मग काय हातावर हात ठेवून बसायचे?" असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. जवळपास बी देणारे झाडच उरले नसेल, तिथे स्थानिक रोपे जरूर लावा. एरवी वणवा अडवणे, चराई आवरणे, कुऱ्हाड थांबवणे हे खरे काम. दरवर्षी वणवा लागला की डोंगर दरवर्षी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसतो.

आणखी एक. सगळ्यांनी शेवटी जंगलच व्हावे असाही नियम नाही. क्लेमेंट्सने १९१६ साली ही वाटचाल एका ठरलेल्या शेवटाकडे जाते असे मांडले. ग्लीसनने १९२६ साली हरकत घेतली, की प्रत्येक वनस्पती आपापल्या गरजेनुसार जागा धरते. कासच्या सड्यावर माती इतकी पातळ, की तिथे तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात हेच त्याचे वैभव. माळढोकाला तर माळरानच हवे. तिथे खड्डे खणणे म्हणजे घर पाडून झाड लावणे.

असो. यंदा कोणी रोपांचा आकडा सांगू लागला, तर एवढेच विचारा: या डोंगराला गेल्या पाच वर्षांत किती वेळा आग लागली?