सलाईनमागचा खेकडा, खेकड्यामागचा पक्षी

मे महिना लागला की पुण्या-मुंबईतले अनेक आईवडील मुलांकडे न्यू जर्सीला जातात. नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा हा कार्यक्रम ठरलेला असतो. एडिसनहून मोटारीने साधारण दोन तासांवर असलेला डेलावेअर खाडीचा किनारा मात्र सहसा कुणाच्या यादीत नसतो. तिथे ना मॉल आहे, ना मंदिर. पण आजोबांना लावलेले सलाईन, आजींचे इन्सुलिन आणि नातवाला दिलेली लस यांचा एक धागा थेट त्या वाळूपर्यंत जातो.

मे आणि जूनमध्ये, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, हॉर्सशू क्रॅब हजारोंच्या संख्येने खाडीतून वर येतात आणि वाळूत अंडी घालतात. घोड्याच्या नालासारखे कवच आणि लांब टोकदार शेपूट असलेला हा प्राणी नावाने खेकडा असला, तरी कोळी आणि विंचू यांना अधिक जवळचा आहे. एक मादी हंगामात ऐंशी हजारांच्या आसपास अंडी घालते. वर उघडी पडलेली अंडी खायला नेमके त्याच वेळी रेड नॉट हे पक्षी उतरतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या टिएरा देल फ्युएगोपासून कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशापर्यंत, एका बाजूने सुमारे १५ हजार किलोमीटर असा त्यांचा प्रवास असतो. खाडीवर पोचेपर्यंत यातल्या अनेकांचे वजन १२०-१३० ग्रॅमवर आलेले असते. दोन-तीन आठवड्यांत ते १८० ग्रॅमपर्यंत गेले, तरच पुढे उडून पिल्ले वाढवण्याची ताकद त्यांच्यात येते.

हे आकडे कळतात कसे? अंगणवाडीत बाळाचे वजन करून तक्त्यावर ठिपका देतात, तसेच काम इथे चालते. १९९७पासून शास्त्रज्ञ आणि देशोदेशींचे स्वयंसेवक दर वर्षी इथे जमतात. छोट्या तोफांनी जाळे उडवून थवा पकडायचा, पक्षी झाकून शांत ठेवायचे, वजन-मापे घ्यायची, पायात झेंडी अडकवायची आणि लगेच सोडून द्यायचे. झेंडीच्या रंगावरून देश कळतो, त्यावरच्या अक्षरांवरून नेमका पक्षी. स्वयंसेवकांत पक्षीशास्त्राची पदवी नसलेले, नोकरीतून निवृत्त झालेले कितीतरी जण असतात. अर्जेंटिनात १९९५ साली पकडलेला ‘बी ९५’ हा रेड नॉट २०१४पर्यंत दिसत राहिला. त्याचा एकूण प्रवास चंद्रापर्यंतच्या अंतराहून जास्त भरतो, असा हिशेब अशा नोंदींमुळेच मांडता आला.

आता रुग्णालयाकडे येऊ. सलाईन सुरू झाल्यावर रुग्णाला एकाएकी हुडहुडी भरते, ताप चढतो, क्वचित रक्तदाब कोसळतो. जुन्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी हा प्रसंग पाहिलेला असतो. यामागे पुष्कळदा जिवाणू नव्हे, तर मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन असते. उकळून जिवाणू मरतो, हे विष उरतेच. पूर्वी ते ओळखण्यासाठी औषध सशाला टोचून त्याला ताप येतो का, हे पाहत. १९५६मध्ये फ्रेडरिक बँग यांनी दाखवून दिले की, अशा जिवाणूंच्या संसर्गाने हॉर्सशू क्रॅबचे निळे रक्त गोठते. त्यांनी आणि जॅक लेविन यांनी त्यावरून एंडोटॉक्सिनची चाचणी बसवली. १९७७पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मान्यतेने ती रूढ झाली. पुढे जगभर इंजेक्शने, लशी आणि शरीरात बसवायची उपकरणे याच कसोटीवर उतरू लागली.

याची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. १९९०च्या दशकात मासेमारीचे आमिष म्हणून लाखो क्रॅब मारले गेले. अंडी कमी झाली आणि पक्षी उपाशी राहू लागले. १९८०च्या दशकात या खाडीवर नव्वद हजारांहून अधिक रेड नॉट मोजले गेले होते; २०२१च्या मोजणीत ते सात हजारही भरले नाहीत. न्यू जर्सीने २००८मध्ये क्रॅब पकडण्यावर बंदी घातली. २०१४मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला संकटग्रस्त जाहीर केले. वर्षानुवर्षे चिखलात उभे राहून मोजणारी माणसे नसती, तर ही घसरण कुणाच्या लक्षातही आली नसती.

सर्वांत मोठे नुकसान आमिषासाठीच्या मासेमारीने केले, हे मान्य करायला हवे. पण औषधनिर्मितीचे हातही कोरडे नाहीत. चाचणीसाठी दर वर्षी लाखो क्रॅब पकडून त्यांच्या रक्तातला काही भाग काढतात आणि त्यांना परत सोडतात. त्यातले साधारण १५ ते ३० टक्के मरतात, असे वेगवेगळे अंदाज आहेत. ‘रुग्णाच्या सुरक्षेपुढे खेकड्याचे काय?’ हा प्रश्न आजवर बिनतोड वाटत असे. आता तो तसा उरलेला नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग जियाक लिंग आणि हो बाउ यांनी १९९०च्या दशकातच या रक्तातला मुख्य घटक जनुकतंत्राने तयार केला. २०२१पासून युरोपच्या औषधसंहितेने आणि २०२५पासून अमेरिकेच्या संहितेने अशा चाचणीला जागा दिली आहे. त्यामुळे रुग्ण आणि पक्षी यांतला एक निवडण्याची वेळ आता राहिलेली नाही.

भारतातून जगभर लशी आणि इंजेक्शने जातात आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. इथल्या कंपन्यांनी नव्या चाचणीकडे वळण्याची तारीख ठरवावी, शासकीय खरेदीत तिला प्रोत्साहन मिळावे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय शिकवावा. ओडिशाच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब आहेत आणि कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांच्यावर डेलावेअरची पाळी येण्याआधीच शहाणे व्हावे.

आणि न्यू जर्सीला निघालेल्या आईवडिलांनी एक दिवस या खाडीसाठी राखून ठेवावा. रीड्स बीचला दुर्बीण घेऊन जावे. पक्षी खात असताना किनाऱ्याचे काही भाग बंद असतात. दोरीच्या अलीकडूनच पाहावे, कारण थवा उडाला की त्यांची मिळवलेली चरबी खर्ची पडते. आजारी वा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत फ्लूचे विषाणू सापडतात आणि १९८५पासून शास्त्रज्ञ इथे त्यांचा मागोवा घेत आहेत. गवतात गोचिडी असतात, त्यांच्यापासून लाइम रोग होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे. झेंडीवरची अक्षरे वाचता आली, तर ती तिथल्या कार्यकर्त्याला जरूर सांगावीत. टिएरा देल फ्युएगोहून निघालेला तो पक्षी जिवंत पोचला, ही नोंद त्या दिवशी कदाचित त्यांच्याकडूनच होईल.