मरणाचें स्मरण कीं जीवनाचें?

मेक्सिकोची विदुषी व कवयित्री सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस हिचें स्मरण करणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत, आणि आमच्या मतें दोन्ही पक्ष तिच्यावर अन्याय करितात. १६९५ सालीं मेक्सिको शहरांतील तिच्या मठांत साथीचा रोग शिरला. आजारी भगिनींची शुश्रूषा करीत असतां तिलाही तो जडला, व १७ एप्रिल रोजीं तिचा अंत झाला. भाविक पक्ष म्हणतो, ग्रंथांचा मोह सोडला म्हणून ती संतपदाला पोंचली. दुसरा पक्ष म्हणतो, धर्मसत्तेनें तिची लेखणी हिरावली तेव्हांच ती खरी मेली. दोघांच्याही हिशेबीं सेवा म्हणजे विद्येचा शेवट!

तिनें १ मार्च १६९१ रोजीं लिहिलेलें उत्तरपत्र मात्र निराळी साक्ष देतें. वयाचीं तीन वर्षेंही भरलीं नव्हतीं, तेव्हां ती थोरल्या बहिणीच्या मागोमाग शाळेंत गेली, आणि मलाही शिकवावें अशी आईची आज्ञा आहे, असें खोटेंच सांगून वाचावयास शिकली. म्हणजे तिच्या विद्येचा आरंभच बहिणीच्या पावलावर पाऊल ठेवून झाला. पुढें पोटाच्या दुखण्यांत वैद्यांनीं वाचन बंद केलें, तेव्हां न वाचण्यानेंच आपली प्रकृति अधिक बिघडते, असा युक्तिवाद तिनें केला. मठांतील भगिनी गप्पांना येत व अभ्यास मोडे. तरी त्यांच्यावरील आपलें प्रेमही तिनें त्याच पत्रांत सांगितलें आहे. ग्रंथ आणि भगिनी यांत तिनें वैर मानलें नाहीं.

वैर मानलें तें दुसऱ्यानें. तें पत्र जिला लिहिलें, ती 'सोर फिलोतेआ' भगिनी नव्हतीच. तो होता पुएब्लाचा बिशप. स्त्रीचें नांव पांघरून त्यानें तिला ऐहिक विद्या आवरण्याचा उपदेश केला होता.

१६९४ सालीं तिनें रक्तानें सही करून आपलें व्रत पुन्हा घेतलें, हें खरें. त्यांत पश्चात्ताप किती व दडपण किती, याचा वाद खुशाल चालावा; पण रोग्याजवळ बसणें हा त्या वादांतील पुरावा नव्हे.

मेक्सिकोंत २ नोव्हेंबरच्या मृतदिनासाठीं वेदी मांडतात, झेंडूचीं फुलें वाहतात, आणि मृताला जें आवडे तें तिच्यावर ठेवितात. त्याच न्यायानें सोर ह्वानेपुढें ग्रंथ ठेविले पाहिजेत. तिच्या सेवेला पराभव म्हणणें हें अज्ञान होय. आणि त्या सेवेला वंदन करून तिची लेखणी बाजूस सारणें ही तर त्या बिशपच्या पत्राचीच दुसरी आवृत्ति होय.