कोणतं औषध?

मराठी मुलखात विषाला सहसा विष म्हणत नाहीत. कपाशीवर मारतात ते औषध, धान्याच्या कोठीत टाकतात ती औषधाची गोळी आणि उंदरांसाठी माळ्यावर ठेवतात तेही औषधच. रात्री-अपरात्री सरकारी दवाखान्याच्या दारात जीप थांबते. सोबतची माणसे ‘औषध घेतलंय’ किंवा ‘औषध मारताना चक्कर आली’ एवढेच सांगतात आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला जे समजायचे ते समजते. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणतं औषध?’ आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर नसते.

कुणी बाटली उचलून आणलीच, तर लेबल फाटलेले किंवा औषधाच्याच ओघळांनी पुसट झालेले. कायद्याने त्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. त्यावरून जहालपणा कळतो, उपचार कळत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, अंग घामाने भिजते, छाती घरघरते. मग छाती कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन पुन्हा पुन्हा द्यावे लागते. दुसऱ्या गटातले असेल तर तेच अ‍ॅट्रोपिन उपयोगाचे नाही, उलट जास्त झाल्यास त्याचाच त्रास. पंपात दोन-तीन औषधे एकत्र केली असतील, आणि ती केलेली असतातच, तर अनुभवी फिजिशियनही गोंधळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या एमबीबीएस डॉक्टरने अशा वेळी विचारायचे कुणाला?

उत्तर दिल्लीत आहे. ‘एम्स’च्या औषधशास्त्र विभागात फेब्रुवारी 1995 पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. 1800 116 117 हा त्याचा टोल फ्री क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तो डॉक्टरांइतकाच सामान्य माणसासाठीही आहे. पण किती घरांच्या भिंतीवर, किती दवाखान्यांच्या टेबलाच्या काचेखाली हा क्रमांक आहे? केंद्राच्या कामाचा जो अभ्यास या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, त्यात तीन वर्षांतील फोन होते सुमारे 2,700. म्हणजे शंभर कोटींच्या देशातून दिवसाला दोन-तीन! त्यातही सर्वाधिक फोन शेतातल्या नव्हे, घरातल्या रसायनांबद्दल होते. पोराने फिनेल किंवा डास पळवणारे द्रव तोंडाला लावले की आजी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला धावते. रॉकेल पोटात गेले असेल तर याच उपायाने ते फुप्फुसात उतरू शकते. अ‍ॅसिड असेल तर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. ‘काही पाजू नका, ओकारी काढू नका, बाटली घेऊन दवाखान्यात जा’ एवढे फोनवर सांगणारे कुणी असले तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

दिल्लीचे केंद्र कितीही चांगले असले तरी त्याला महाराष्ट्राचा विषाचा नकाशा पाठ असणे शक्य नाही. आणि असा नकाशा खरोखर आहे. विदर्भात श्रावण-भाद्रपदात फवारणीची विषबाधा. कोकणात विंचू आणि फुरसे. मराठवाड्यात उपासाच्या दिवसांत बुरशी धरलेली भगर: फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात एकादशीच्या महाप्रसादातून दोन हजारांच्या घरात लोकांना बाधा झाली. त्याच महिन्यात बुलढाण्यातल्या सोमठाण्यात रुग्ण इतके झाले की दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या आणि माणसे उघड्यावर झोपवावी लागली. शाळेच्या आवारात पडलेल्या चंद्रज्योतीच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि वर्गच्या वर्ग उलट्या करत रुग्णालयात पोहोचतो. ही बातमी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतच असते. मुंबईत मिथेनॉलची दारू. जून 2015 मध्ये मालवणीत तिने शंभराहून अधिक बळी घेतले. तारापूर, लोटे, महाडच्या रासायनिक पट्ट्यांचा धोका आणखी वेगळा. प्रत्येक प्रदेशाचे विष वेगळे, हंगाम वेगळा, उतारा वेगळा.

हा नकाशा कुणी मांडत नाही, याची किंमत यवतमाळने 2017 मध्ये मोजली. त्या वर्षी कपाशी डोक्याला लागली होती, अळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या, पंप जोरकस होते आणि मजुरांच्या तोंडावर फार तर रुमाल होता. जुलै-ऑगस्टपासून डोळ्यांची आग, उलट्या, धाप अशा तक्रारींचे रुग्ण भरती होत होते. राज्याला जाग आली ती सप्टेंबरच्या अखेरीस, मृत्यूंच्या बातम्या छापून आल्यावर. तोवर रुग्ण शेकड्यांत गेले होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मृतांची संख्या विसावर पोहोचली. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा ओळखायला रक्तातील कोलिनेस्टरेज मोजतात. त्या तपासणीची सोयही तेव्हा जिल्ह्यात नव्हती. मग विशेष तपास पथक नेमले गेले, मास्क वाटले गेले, दुकानांवर छापे पडले. वरातीमागून घोडे ते हेच.

त्या दोन महिन्यांत माहिती नव्हती असे नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर ती होती, पोलिसांच्या एमएलसी (वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांच्या) रजिस्टरात होती, कृषिसेवा केंद्राच्या बिलबुकात होती. पण आरोग्य खाते कृषी खात्याला विचारत नाही आणि पोलिसांची नोंद न्यायालयाच्या वाटेने जाते. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एखादे विष केंद्र असते आणि यवतमाळ, अकोला, अमरावतीतून एकाच आठवड्यात त्याच लक्षणांचे वीस फोन तिथे आले असते, तर पंचविसाव्या फोनची वाट न पाहता धोक्याची घंटा वाजली असती. विष केंद्राचे अर्धे काम सल्ल्याचे, उरलेले अर्धे वहीचे. आपल्याकडे दिसते ते फक्त पहिले.

वहीची गरज 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिसली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. सुरुवातीला संसर्गाचा, पाण्याचा शोध चालला. दोष निघाला खोकल्याच्या औषधात. तामिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेला त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. वीसहून अधिक बालके दगावली. हे रसायन महाराष्ट्राला अनोळखी नव्हते. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्णांचा जीव घेतला होता आणि न्या. लेंटिन आयोगाने अन्न व औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती. लघवी थांबलेली लहान मुले एकापाठोपाठ आली, तर आधी औषधाच्या बाटलीकडे पाहा, हे सांगणारी संस्थात्मक स्मृती मात्र चाळीस वर्षांत उभी राहिली नाही.

जगात ती कशी उभी राहिली याचे दाखले आहेत. अमेरिकेतले पहिले विष नियंत्रण केंद्र 1953 मध्ये शिकागोत सुरू झाले. अशा केंद्रांच्या नोंदींतून कळले की लहान मुले सर्वाधिक संख्येने गोड चवीच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या गिळतात. 1970 मध्ये तिथे मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणांचा कायदा आला आणि मृत्यू घटले. आज त्या देशात पन्नासहून अधिक केंद्रे एकाच क्रमांकावर वर्षाला वीस लाखांवर फोन घेतात आणि बहुसंख्य रुग्णांना घरीच सांभाळता येते. शेजारच्या श्रीलंकेचा धडा याहून जवळचा. कोणत्या कीटकनाशकाने किती माणसे मरतात याचा हिशेब ठेवून त्या देशाने 1995 पासून सर्वांत जहाल औषधे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. शेतीचे उत्पन्न बुडाले नाही. भारतात 2022 मध्ये नोंदलेल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा विषाने झाला. संतापाच्या किंवा हताशेच्या त्या एका तासात हाताशी काय असते, यावर माणूस उद्याचा दिवस पाहणार की नाही हे ठरते. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक त्या तासासाठी आहे, तसा विष केंद्राचा क्रमांक त्यानंतरच्या तासासाठी.

वही ठेवली तर काय घडते याचे उदाहरण शोधायला श्रीलंकेपर्यंत तरी कशाला जायचे? महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाने दंश केलेल्या रुग्णांजवळ रात्रभर बसून घाम, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी केल्या. त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूचे प्रमाण जवळपास तीस टक्क्यांवरून दोनेक टक्क्यांवर आणता येते, हे त्यांनी दाखवून दिले. एका डॉक्टरच्या हट्टाने हे झाले. हट्टी डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत म्हणून तर संस्था लागतात.

राज्याला हे परवडणार नाही, ही सबब टिकणारी नाही. इमारत नको, नवे संचालनालय तर नकोच. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई आणि कोकणात एक अशा पाच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक विभागांच्या भरवशावर चोवीस तास बोलणारे केंद्र उभे राहू शकते. त्याला तीन गोष्टी हव्यात. विक्रीला येणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाचे आणि घरगुती रसायनाचे पूर्ण घटक कंपनीने केंद्राकडे नोंदवण्याचे बंधन. कोणत्या रुग्णालयात कोणता उतारा किती शिल्लक आहे याची रोजची यादी. आणि पोलीस, कृषी, अन्न-औषध व आरोग्य या चारही खात्यांच्या नोंदी एका जागी आणण्याचा अधिकार. फोन केला म्हणून पोलीस दारात येणार नाहीत, हेही जाहीर सांगावे लागेल. त्या धास्तीने कितीतरी घरांत पहिला तास वाया जातो.

‘आता सगळे मोबाइलवर सापडते’ हा दुसरा आक्षेप. सापडते ते इंग्रजीत, परदेशी ब्रँडच्या नावाने आणि बहुधा चूक. दारव्ह्याच्या बाजारात कोणत्या नावाने काय विकले जाते आणि कोणती दोन औषधे पंपात एकत्र घालायची पद्धत आहे, हे तिथले फोन वर्षभर घेणाऱ्यालाच ठाऊक होते.

जुलैअखेर कपाशी कमरेला लागते आणि विदर्भात पंप पाठीवर चढतात. निदान नागपूरचे केंद्र त्याआधी सुरू व्हावे, त्याचा क्रमांक प्रत्येक कृषिसेवा केंद्राच्या पावतीवर मराठीत ठळक छापला जावा आणि तिथल्या नोंदींचा गोषवारा दर सोमवारी आरोग्य व कृषी या दोन्ही खात्यांच्या सचिवांच्या टेबलावर जावा. एवढा शासन निर्णय काढायला नव्या तपास पथकाची वाट पाहण्याचे कारण नाही.