बेढब मल्लाचा हिशेब

गेल्या पंधरवड्यांत आमच्या पापडीच्या घरीं, रात्रीचीं जेवणें उरकून मंडळी ओसरीवर बसली असतां, एक वाद निघाला. टायसन फ्यूरी हा सहा फूट नऊ इंच उंचीचा इंग्रज मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानोच्या काळीं जन्मास येता, तर त्याचा टिकाव लागता कीं नाहीं? प्रश्न काढला तो आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवानें. वय सोळा, उंची दाराच्या चौकटीला टेकलेली, आणि चाल अशी कीं, वहिनी म्हणतात, 'हा आला कीं देव्हाऱ्यांतली समई आधीं लटपटते.' हा मुलगा वर्षभर वसईंत मुष्टियुद्ध शिकावयास जातो. बंधूंस तें मुळींच पसंत नाहीं. नाकाचें हाड देवानें एकच दिलें आहे, एवढेंच ते म्हणतात.

शब्दांचीं रूपें चालविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना ठोसाठोशींतलें काय कळणार, अशी शंका वाचकांस येईल. ती रास्त आहे. परंतु शाळेंत संस्कृताबरोबर कुस्तीचा संघ पाहण्याचें कामही बरींच वर्षें आमच्या गळ्यांत होतें, आणि हा प्रश्न मुळांत कुस्तीचाच आहे असें आमचें मत आहे.

फ्यूरीचें खेळणें पाहावयास सुंदर नाहीं. हात खालीं सोडलेले, कंबर मागें झुकलेली. मध्येंच उजव्याचा डावरा होतो, मध्येंच प्रतिपक्ष्याच्या मानेवर आपलें सारें ओझें टाकून स्वस्थ राहतो. शास्त्राप्रमाणें उभें राहणाऱ्यास अशा मनुष्याचें अंतरच सांपडत नाहीं. व्लादिमिर क्लिच्को हा नऊ वर्षांहून अधिक काळ अजिंक्यपद राखून होता. पण १५ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे २०१५ सालीं, ड्युसेलडॉर्फ येथें फ्यूरीपुढें त्याचा हातच उठेना. मारावें कोठें हेंच त्याला बारा फेऱ्या कळलें नाहीं, आणि पंचांनीं फ्यूरीस विजयी ठरविलें.

आतां मार्सियानो. एकूणपन्नास झुंजी, एकूणपन्नास विजय, आणि १९५६ मध्यें निवृत्ति. पण त्याचें वजन १८५ पौंडांच्या आसपास असे! आजच्या नियमानें २०० पौंडांपर्यंतचा योद्धा सर्वांत भारी वर्गांत गणलाच जात नाहीं, त्याचा वर्ग निराळा. तेव्हां दोघांस समोरासमोर उभे करावयाचे तर प्रथम तराजू कोणत्या काळचा हें ठरवावें लागेल. मग घड्याळ. मार्सियानोच्या काळीं अजिंक्यपदाची झुंज पंधरा फेऱ्यांची असे. १९८२ मध्यें कोरियाचा एक तरुण योद्धा झुंजींतील माराने मृत्यु पावला, आणि त्यानंतर त्या बारांवर आल्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत एवढ्या थोरल्या देहाचा श्वास कोठें असता, हें कोणी सांगावें?

परदेशच्या मल्लांचा हिशेब आपण दुरूनच करणार. तोच हिशेब आपल्या मातींत मांडला म्हणजे आंकडे स्वच्छ दिसतात. बाराव्या शतकांतील सोमेश्वर चालुक्यानें 'मानसोल्लासां'त मल्लविनोदाचें प्रकरण घालून मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशा पायऱ्या पाडल्या आहेत. म्हणजे कोणास कोणाशीं जोडावें हा विचार आपल्याकडे जुनाच. शाहूमहाराजांनीं बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानांत जी कुस्ती चाले ती निकाली: पाठ लागली तर हार, नाहींतर नाहीं. गादीवरच्या कुस्तींत तीन तीन मिनिटांचे दोन डाव, आणि गुणांची मोजणी. प्रतिपक्ष्यास वर्तुळाबाहेर रेटलें तरी एक गुण मिळतो. आतां एखादा अवाढव्य गडी घ्या, ज्याला डाव थोडे येतात पण जो समोरच्यास नुसता ढकलीत नेतो. गादीवर तो गुणांवर गुण मिळवील. खासबागेंत त्यानें कोणास कडेपर्यंत नेलें तर पंच दोघांना हातास धरून पुन्हा मध्यें आणतील, आणि लोक हंसतील. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती लाल माती घामानें अंगास चिकटते आणि पाय जड करते. वीस मिनिटांनीं त्या ढकलणाऱ्याची जी दशा होईल ती आम्हांस डोळ्यांपुढें दिसते.

मग जुने तेच थोर, असें म्हणून मोकळें व्हावें काय? बंधूंचें मत तेंच. पण गणपतराव आंदळकर आडवे येतात. आंदळकर वाढले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींतल्या मातींत. १९६० चे हिंदकेसरी. १९६२ मध्यें जकार्ताच्या आशियाई सामन्यांत ते गादीवर उतरले. मुक्त पद्धतीची कुस्ती आपल्या कुस्तीस जवळची. तेथें त्यांना रौप्यपदक मिळालें. ग्रीको-रोमन पद्धतींत कमरेखालीं हात लावतां येत नाहीं. म्हणजे पट, टांग, आकडी, आपल्या पठ्ठ्याची निम्मी शिदोरी बाहेर ठेवावयाची. आणि सुवर्णपदक मिळालें तें नेमकें तेथें! सर्वांत भारी वजनाच्या गटांत. परका नियम, परकी जमीन, आणि परक्यांना या मनुष्याचे हात ठाऊक नाहींत. त्या दिवशीं बेढब होते ते आंदळकर, असें आम्हांस वाटतें.

अलीकडचें उदाहरण हवें असेल तर महाराष्ट्र केसरीचें पाहा. त्या स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते शेवटीं एकमेकांशीं लढतात. २०२३ च्या जानेवारींत पुण्यास गादीच्या शिवराज राक्षे यानें मातीच्या धिप्पाड महेंद्र गायकवाडास चितपट केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फुलगांवास मातीच्या सिकंदर शेखनें त्याच राक्षेस चितपट केलें. दोन्ही निकाल एका मिनिटाच्या आंत. आमच्या नातवानें हें ऐकून डोळे मिटले आणि 'मग ठरलें काय?' असें विचारलें.

ठरतें तें दुसऱ्या झुंजीस. १९१० मध्यें लंडनला गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती सुमारें अडीच तास चालली. झिबिस्को हा पोलंडचा अजस्र मल्ल. तो गादीवर पालथा पडून राहिला तो उठेचना, आणि कुस्ती अनिर्णित सुटली. १९२८ मध्यें पतियाळास तेच दोघे पुन्हा भेटले. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. एक मिनिटही लागलें नाहीं, झिबिस्को चित! मार्सियानोचीही तीच गोष्ट. १९५२ मध्यें जर्सी जो वॉलकॉटला पाडावयास त्याला तेरा फेऱ्या लागल्या. पुढच्याच वर्षीं पहिल्या फेरींत काम झालें. फ्यूरी युक्रेनच्या उसिककडून २०२४ च्या मे महिन्यांत हरला तेव्हां पंचांचें एकमत नव्हतें. डिसेंबरांत तिघांचेंही एकमत झालें. क्लिच्कोला मात्र दुसरी झुंज मिळालीच नाहीं. म्हणून आमचा निवाडा असा: जुन्या काळीं फ्यूरी पहिली झुंज बहुधा जिंकता. पण त्या काळीं दुसरी लवकर येई, आणि ती आम्ही मार्सियानोच्या पदरांत घालूं.

येथवर आल्यावर एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं तालुक्याच्या सामन्यांसाठीं आम्हांस दोन मुलांतून एक निवडावयाचा होता. एकाचा प्रत्येक डाव वृत्तांत बसविलेल्या श्लोकासारखा. दुसरा मिठागराकडच्या वस्तींतला, बोजड, गुडघे आंत वळलेले. तो सरावांत सगळ्यांना पाडी, पण ज्या डावानें पाडी त्याला नांव नव्हतें. पहिल्यास तो दोनदां नव्हे, सात-आठ वेळां पाडून चुकला होता. आम्ही त्याला म्हटलें, 'ही कुस्ती नव्हे.' पहिला गेला, आणि पहिल्याच फेरींत हरून आला. दुसरा त्यानंतर आखाड्यांत दिसला नाहीं. आतां तो मोठा गृहस्थ आहे. तळ्याच्या कांठीं भेटला कीं वांकून नमस्कार करतो. त्या गोष्टीचा उल्लेख त्यानें कधीं केला नाहीं, आणि आम्हीही नाहीं.

नातवाच्या प्रश्नाचें मूळ आम्हांस दुसऱ्या दिवशीं त्याच्या आईकडून कळलें. त्याच्या शिक्षकांनीं त्याला बजावलें आहे कीं, उभें राहण्याची ही तऱ्हा सुधारली नाहीं तर जिल्ह्याच्या सामन्यांस नांव जाणार नाहीं. आम्ही त्याला हांक मारून विचारलें, 'तुझ्या वर्गांतला उत्तम खेळणारा कोण? त्याच्याशीं खेळला आहेस?'

'एकदां, आजोबा. मीच जिंकलों.'

'पुन्हा?'

'तो पुन्हा नको म्हणतो.'

त्या मुलाच्या घरीं आम्ही स्वतः जाऊन आलों. शिक्षकांसही विनंती केली. ते 'बघूं' म्हणाले, पण येतों म्हणाले. रविवारीं सकाळीं नऊ वाजतां दोघांची झुंज ठरली आहे, आणि नंतर सर्वांनीं जेवावयास आमच्याकडे यावयाचें आहे. बंधूंनीं आपण पाहावयास येणार नाहीं असें जाहीर केलें. मात्र काल संध्याकाळीं, नऊ म्हणजे बरोबर नऊ कीं सवानऊ, एवढें त्यांनीं दोनदां विचारून घेतलें.