सतारमेकर गल्लीची बातमी कुठल्या पानावर?

‘शहर पुरवणीत गाण्याबजावण्याला इतकी जागा कशाला? बाजार आणि उद्योग द्या,’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांची उद्योगाविषयीची कळकळ मला मान्य आहे. पण निदान मिरजेत तरी संगीत आणि उद्योग ही वाटणी टिकत नाही.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तिकडे अवकाळी पावसाने वेल कुजले की इथल्या वाद्ये बनवणाऱ्या सतारमेकर गल्लीतले हिशेब कोलमडतात. ही बातमी शेतीची, व्यापाराची की संगीताची?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बातम्या झळकल्या. पण त्यामुळे कारागिराच्या हाती चार पैसे जास्त पडले का? तारेला झंकार देणारी जवारी काढायला नवी मुले बसतात का? तारांखालच्या घोडीवर हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचे, पुन्हा कानस. या कामाला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, आणि त्याची मजुरी हे या शहराचे अर्थकारणच आहे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेचा वृत्तांत तर सविस्तर हवाच. संपादकांना विनंती एवढीच, की संगीताची पाने कापू नका. सतारमेकर गल्लीत वर्षभर फिरणारा एक बातमीदार नेमा.

– एक वाचक, मिरज