उजवे स्टिअरिंग : जुन्या जपानी गाड्यांवर जगलेले शहर

१/ २१ डिसेंबर २००८. रशियाच्या अतिपूर्व टोकावरील व्लादिवोस्तोक शहर. मुख्य चौकात नववर्षाचे झाड उभारलेले होते आणि त्याभोवती माणसे फेर धरून नाचत होती. थोड्याच वेळात दंगलविरोधी पोलीस त्यांच्यावर तुटून पडले. अनेकांना फरफटत नेऊन वाहनांत कोंबण्यात आले. वार्तांकन करणारे पत्रकारही सुटले नाहीत. हा संघर्ष पेटला होता परदेशातून आणलेल्या जुन्या मोटारींच्या आयात शुल्कावरून. (धागा)

२/ गाडीवरील शुल्कासाठी माणसे ऐन हिवाळ्यात रस्त्यावर उतरतात, हे दूरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. मॉस्कोतील सत्ताधाऱ्यांनाही ते तसेच वाटले असावे. परंतु या प्रश्नाचे अर्धेच उत्तर अर्थशास्त्रात मिळते. उरलेले अर्धे त्या शहराच्या इतिहासात आणि त्याहून अधिक नकाशात दडलेले आहे.

३/ आधी नकाशा. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंतचा सायबेरियापार लोहमार्ग ९,२८८ किलोमीटर लांबीचा आहे. दोन्ही शहरांच्या घड्याळांत सात तासांचे अंतर. याउलट जपान समोरच्या किनाऱ्यावर : तोयामा प्रांतातील फुशिकी बंदरातून निघालेले जहाज दीड-दोन दिवसांत व्लादिवोस्तोकला लागते. राजधानी आठवडाभराच्या प्रवासावर आणि परदेश शेजारच्या अंगणात, अशी या शहराची जन्मजात स्थिती आहे.

४/ सोव्हिएत काळात मात्र हे अंगण कुलूपबंद होते. पॅसिफिक नौदलाचा तळ असल्याने व्लादिवोस्तोक ‘बंद शहर’ होते. परदेशी नागरिकांना तेथे प्रवेश नव्हता. खुद्द सोव्हिएत नागरिकांनाही परवानगी लागे. खासगी मोटार म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. १ जानेवारी १९९२ रोजी शहराचे दरवाजे उघडले, तेव्हा ज्या राज्याने ते बंद केले होते ते राज्यच अस्तित्वात उरले नव्हते.

५/ कुलूप उघडण्याआधीच एक फट पडली होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी बंदरांवरून परतणारे खलाशी जहाजाच्या डेकवर जुन्या गाड्या घेऊन येऊ लागले. प्रथम स्वतःसाठी, मग मेहुण्यासाठी, मग शेजाऱ्यासाठी. पुढे कारखान्यांचे आणि गोद्यांचे पगार थकू लागले, तेव्हा हा उद्योग खलाशांपुरता उरला नाही. शिक्षक, अभियंते, निवृत्त नौदल अधिकारी असे सारेच त्यात शिरले.

६/ जपानमध्ये चांगल्या गाड्या इतक्या स्वस्तात का मिळत? जुनी गाडी चालवणे तेथे बेकायदा आहे, असा एक लोकप्रिय समज आहे. तो चुकीचा आहे. तेथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते : नव्या खासगी गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणी, दुरुस्ती, विमा आणि कर मिळून खर्च मोठा होतो. तेरा वर्षे उलटली की वाहनकरही वाढतो. मालक हिशेब मांडतो आणि सुस्थितीतील गाडी विकून मोकळा होतो.

७/ या गाड्या लिलावगृहांत जात. तेथे प्रत्येक गाडीसोबत तपासणीपत्रक असते : किती किलोमीटर चालली, ओरखडा कोठे आहे, कोणता भाग बदलला, एकूण दर्जा किती. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीला ‘आर’ असा वेगळा शेरा मिळतो. समुद्रापलीकडे बसलेल्या रशियन ग्राहकाला गाडी न पाहताही तिच्यावर भरवसा ठेवता येई, तो या कागदामुळे. सगळे काही कोसळत असलेल्या देशात हा परका कागद विश्वासार्ह ठरला, ही गोष्ट लहान नव्हे.

८/ या कागदावर एक अख्खी अर्थव्यवस्था उभी राहिली. लिलावात बोली लावणारा दलाल, जहाजवाला, जकातीची कागदपत्रे करणारा, गॅरेजवाला, सुटे भाग विकणारा अशी साखळीच तयार झाली. शहराच्या टेकड्यांवर ‘झेल्योनी उगोल’, म्हणजे ‘हिरवा कोपरा’ नावाचा गाड्यांचा विस्तीर्ण बाजार भरला. दूरदूरच्या सायबेरियन शहरांतून ग्राहक तेथे येत.

९/ त्याहून कष्टाचे काम गाडी पोहोचवणाऱ्यांचे. व्लादिवोस्तोकहून हजारो किलोमीटर पश्चिमेला ते गाडी चालवत नेत. खबारोव्स्क ते चिता हा टप्पा वर्षानुवर्षे कच्चा, खडीचा होता. उडणाऱ्या दगडांनी रंग जाऊ नये म्हणून गाडीचे तोंड चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेले असे. वाटमारीचे भय वेगळेच. राज्याने रस्ता पुरा करण्याच्या कितीतरी आधी या माणसांनी तो वाहता केला होता.

१०/ एक विसंगती राहतेच. जपानमध्ये वाहने रस्त्याच्या डावीकडून धावतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. रशियात वाहतूक उजवीकडून. तेथे उजव्या स्टिअरिंगची गाडी चालवणे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवण्यासारखेच : पुढचा ट्रक ओलांडताना समोरून काय येते आहे, ते चालकाला अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. धोका खरा होता आणि सरकारचा आक्षेप निराधार नव्हता.

११/ तरीही लोकांनी हा धोका पत्करला, कारण दुसरा पर्याय त्याहून वाईट होता. वोल्गाकाठची नवी लाडा हजारो किलोमीटर वाहून आणायची; तिच्याच किमतीत वा त्याहून कमी पैशांत वातानुकूलन, ऑटोमॅटिक गिअर आणि चारही चाकांना शक्ती देणारी टोयोटा समोरच्या बंदरात उभी. २००५ साली उजव्या स्टिअरिंगवर बंदीची चर्चा निघताच अतिपूर्वेत निदर्शने झाली आणि तो विचार मागे पडला. तेथील पत्रकार वासिली अवचेन्को यांनी पुढे ‘उजवे स्टिअरिंग’ याच नावाची माहितीपर कादंबरी लिहिली. गाडीचा एक भाग प्रदेशाची ओळख बनला होता.

१२/ आता दुसरी बाजू. वोल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात अव्तोवाझ हा प्रचंड कारखाना आहे. फियाटच्या साहाय्याने तो उभा राहिला आणि १९७० साली फियाट १२४ वर आधारलेली पहिली गाडी तेथून बाहेर पडली. मराठी वाचकाला हे कूळ परके नाही : मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनीही फियाटचीच, ११०० या मॉडेलची लेक. २००८ साली अव्तोवाझमध्ये एक लाखाहून अधिक लोक काम करत होते. तो बंद पडता तर लक्षावधींचे शहर उपाशी पडले असते.

१३/ त्या वर्षी जागतिक आर्थिक संकट कोसळले. पंतप्रधान पुतिन यांच्या सरकारने डिसेंबरमध्ये निर्णय जाहीर केला : जानेवारी २००९ पासून आयात गाड्यांवरील शुल्क वाढेल. जुन्या गाड्यांचा जबर दर पूर्वी सात वर्षांपुढील गाड्यांना लागे. आता पाच वर्षांपुढील साऱ्याच त्यात आल्या. हा दर इंजिनाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमागे युरोंत मोजायचा. अनेक गाड्यांचे शुल्क त्यांच्या मूळ किमतीहून जास्त होऊ लागले.

१४/ १४ डिसेंबरला व्लादिवोस्तोकमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. पुढच्या रविवारी ते पुन्हा जमले, तेव्हा त्यांना पांगवण्यासाठी मॉस्को परिसरातील विशेष पोलीस दल विमानाने आणले गेले होते. स्थानिक पोलिसांवर सरकारचा भरवसा नाही, असा अर्थ लोकांनी काढला. तो स्वाभाविकच होता, कारण तेथील पोलीसही उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांतूनच घरी जात.

१५/ परिणाम तत्काळ दिसला. २००८ साली जपानमधून रशियात पाच लाखांहून अधिक जुन्या गाड्या गेल्या होत्या. २००९ साली हा आकडा जेमतेम एक दशांशावर आला. टेकडीवरचा बाजार ओस पडू लागला. ज्यांनी कर्ज काढून गाड्या मागवल्या होत्या, त्यांच्या हाती सावरण्यासाठी उरले होते जेमतेम काही आठवडे.

१६/ माणसांनी पळवाटाही शोधल्या. जपानमध्ये गाडी सुटी करायची, सांगाडा आणि इंजिन ‘सुटे भाग’ म्हणून आणायचे, व्लादिवोस्तोकमध्ये पुन्हा जोडायचे. काही जण तर गाडी करवतीने मधोमध कापून आणत आणि नंतर वेल्डिंग करत. करवतीने कापलेली गाडी सुरक्षित कशी असेल? शुल्कवाढीच्या समर्थनार्थ सुरक्षेचा दाखला देणाऱ्या राज्याच्या धोरणातूनच अधिक असुरक्षित गाड्या रस्त्यावर आल्या.

१७/ सरकारने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशी गाड्या अतिपूर्वेला रेल्वेने पोहोचवण्याचा खर्च सरकारने उचलला. २००९ च्या अखेरीस व्लादिवोस्तोकमध्ये सोलर्स कंपनीचा जुळणी कारखाना सुरू झाला; पुढे तेथे माझ्दाच्या गाड्याही बनल्या. ऑगस्ट २०१० मध्ये पुतिन स्वतः पिवळी लाडा कालिना चालवत नव्या खबारोव्स्क-चिता महामार्गावरून निघाले. ताफ्यात राखीव कालिनाही होत्या, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही.

१८/ मग शुल्कवाढ चूक होती का? येथे भारताकडे पाहणे उपयुक्त ठरते. भारतानेही जुन्या परदेशी गाड्यांना दार जवळजवळ बंदच ठेवले. उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही. स्टिअरिंग उजवीकडेच हवे. आणि अशी आयात केवळ मुंबईच्या बंदरातून, असा नियम झाला. शुल्क असे की सामान्य माणसाने विचारच सोडावा. भारतीयांनी पद्मिनी-अॅम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती याच संरक्षणाची किंमत होती.

१९/ त्या किमतीच्या बदल्यात काही मिळालेही. पिंपरी, चाकण, नाशिकचे आजचे कारखाने आणि त्यांच्याभोवतीचे हजारो लघुउद्योग बंद दारांच्या काळात रुजलेल्या कौशल्यावर उभे आहेत. केवळ खुल्या बाजाराने ते उभे केले असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. म्हणून आयात शुल्क हे मुळातच पाप, ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२०/ कसोटी वेगळी लावली पाहिजे : संरक्षणाची किंमत कोण मोजतो आणि लाभ कोठे जातो? व्लादिवोस्तोकच्या बाबतीत लाभ वोल्गाकाठी आणि भार पॅसिफिक किनाऱ्यावर, अशी वाटणी झाली. कागदावर शुल्क साऱ्या देशाला एकच होते. नकाशावर ते एका प्रदेशाच्या चुलीवर पडले. समान नियम असमान भूगोलावर लादला, की त्यातून समता निघत नाही.

२१/ वोल्गाकाठच्या कामगाराची भूक खोटी नव्हती. त्याला वाचवणे राज्याचे कर्तव्यच होते. पण राज्य ज्या वर्षांत पगार, रस्ते, गाड्या काहीच देऊ शकले नाही, त्या वर्षांत एका प्रदेशाने स्वतःची सोय स्वतः लावली. तिला मोडायचे तर आधी पर्याय उभा करावा, मुदत द्यावी, लोकांशी बोलावे. येथे क्रम उलटा झाला : आधी शुल्क, मग लाठी, आणि कारखाना वर्षभराने.

२२/ त्या कारखान्याचे पुढे काय झाले? युक्रेन युद्धानंतर, २०२२ साली, माझ्दाने आपला हिस्सा नाममात्र एक युरोला सोडून दिला. पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्या रशियातून गेल्या आणि ग्राहक पुन्हा जुन्या जपानी गाड्यांकडे वळला. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द जपाननेच १.९ लिटरहून मोठ्या इंजिनांच्या आणि हायब्रिड गाड्या रशियाला पाठवण्यावर बंदी घातली. आता दोन्ही किनाऱ्यांवरून दार लोटले जात आहे.

२३/ तरीही लहान इंजिनाच्या गाड्या येतच आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने युद्धे आणि तह यांच्याइतकेच जकातीच्या तक्त्यांकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी. राजधानी आपल्या कडेच्या माणसांना किती ओळखते, हे त्या रुक्ष आकड्यांत स्पष्ट वाचता येते. डिसेंबर २००८ मध्ये व्लादिवोस्तोकच्या चौकात जमलेल्या माणसांनी ते वाचले होते.